खंडागळे सरांचं माउथगार्ड

आमच्या राजुरीच्या शाळेचे खेळाचे शिक्षक खंडागळे सर एक महिनाभर सायकलवरून "कबड्डी, कबड्डी" म्हणत फिरले. घर ते शाळा दोन किलोमीटर. जाताना आणि येताना. तोंडात रबरासारखं माउथगार्ड. पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं विचारलं, "मास्तर, कुणाला धराया निघालाय?" सरांनी नुसता हात केला. दम सोडला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आदल्या मोसमात मुलींच्या संघातल्या एकीचा पुढचा दात टाच लागून तुटला होता. म्हणून सरांनी सातही मुलींना एसटीनं नारायणगावला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मापं देऊन गार्ड करून घेतली.

"सर, हे घालून आमी माकडं दिसतोय," पोरी कुरकुरल्या.

"दिसा की. दात असलेली माकडं दिसा."

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. माझी मुलगी सुरेखा चढाईला गेली की गार्डमुळे "कबड्डी"चे उच्चारच कळेनात. पंचांनी तिला तीनदा बाद दिलं. आम्ही दोन गुणांनी हरलो. मी सरांना हिशेब सांगितला : ते तीन गुण गेले नसते तर एका गुणानं जिंकलो असतो. बाकीचे पालकही म्हणाले, काढून टाका ते.

"गणित बराबर हाय, भाऊ. पण गार्ड जाड झालंय. मला महिना द्या. नाय जमलं तर मीच काढतो."

त्यांनी स्वतःच्या मापाचंही एक करून घेतलं. सायकलवर दम लावायचा, जीभ कुठे अडते ते बघायचं, डॉक्टरांकडून तिथे घासून आणायचं. अशा पाच खेपा झाल्या. मग मुलींचीही तशीच घासून आणली. मुली ती घालून रोज मोठ्यानं धडे वाचायच्या.

पुढचा सामना घोडेगावला. सुरेखाचा दम मैदानाबाहेर ऐकू येत होता. शेवटच्या चढाईत तिची पकड झाली आणि एकीचा गुडघा तिच्या तोंडावर बसला. मी धावलो. ओठ फुटला होता. सरांनी गार्ड काढून एकेक दात बोटानं हलवून बघितला. सगळे पक्के.

परतताना जीपमध्ये सुरेखा सुजलेल्या ओठानं मैत्रिणींबरोबर गाणी म्हणत होती. तरी माझ्या तोंडून निघालंच, "सर, एका गुणानं सामना गेला."

सरांनी तोंडात दोन बोटं घातली आणि पुढचे चार दात काढून माझ्यासमोर धरले. सहा वर्षांच्या ओळखीत मला हे ठाऊक नव्हतं.

"ह्ये गेले त्या दिवशी," सर हसत म्हणाले, "आमी नऊ गुणांनी जिकलो व्हतो, भाऊ."