कॉम्प्युटरवाल्या मॅडम

शहरात, बुधवारा पेठेतल्या माझ्या घरापासून शिक्षण खात्याचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डोक्यावर पंखा, बसायला फिरती खुर्ची, चहासुद्धा जागेवर येतो. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई. मी हसते. त्यांना काय सांगू? मला देडतलाईच्या रस्त्यावरची माझी शाळा परत हवी आहे, आणि ती मला कुणी देत नाही.

तिथं मी पहिली-दुसरीला शिकवायचे. सकाळची बस खच्चून भरलेली असायची, जाताना बऱ्याचदा उभं राहूनच जावं लागायचं, आणि उतरल्यावर केळीच्या बागांमधून पायवाट. रोज कटकट करायचे. आज त्या बसचा हॉर्न इतवाऱ्यात ऐकू आला तरी पाय थबकतात.

शाळेत प्रोजेक्टरसकट एक कॉम्प्युटर माझ्या आधीपासून होता. कपाटात, चादरीत गुंडाळलेला. दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेतले सगळे तो बाहेर काढायचे, हळद-कुंकू वाहायचे, नारळ फोडायचे, की परत आत. बिघडला तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं सगळ्यांनी मिळून त्याला देव करून टाकलं होतं. मी त्याला कपाटातून काढलं, बटणांच्या फटीतले अक्षतांचे दाणे टाचणीनं टोकरले आणि कामाला लावलं.

अडचण उजेडाची होती. वर्गाला दोन मोठ्या खिडक्या आणि पडदा एकही नाही, त्यामुळे भिंतीवर चित्र टाकलं तरी उन्हात काही दिसायचं नाही. मी पालकांच्या बैठकीत सांगितलं, मला अंधार पाहिजे. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा बाप मोटरसायकलवर मल्चिंग पेपरचा उरलेला गुंडाळा घेऊन हजर. टरबूज लावताना वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं काळा. त्यानं तो दोन्ही खिडक्यांना ठोकला आणि हात झटकत म्हणाला, "घ्या मॅडम, दिवसाढवळ्या रात करून दिली तुमाले!"

रात्र झाली खरी, पण रोपं लावायला त्या कागदाला आधीच भोकं पाडलेली होती, आणि हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर तो कागद जमिनीवर पसरलेला बघितलेला, उजेडासमोर धरायची वेळ कधी आली असेल? बाजूच्या भिंतीवर उन्हाचे गोल कवडसे उमटले, सरळ ओळीत, वाफ्यातल्या रोपांसारखे. तो खजील होऊन चिकटपट्टी आणायला निघाला. मी म्हटलं, "राहू द्या भाऊ, छान दिसतंय." पोरं तोवर भिंतीपाशी जाऊन कवडसे मोजायला लागली होती. मग मी रोज प्रोजेक्टर सुरू करण्याआधी त्यावरच पाढे घ्यायला लागले. आडव्या ओळी किती, एका ओळीत किती, सगळे मिळून किती. एवढ्या सहज पाढे मी कधी शिकवले नव्हते.

आमचा सीमेवरचा भाग हिंदी राज्यात, म्हणून पुस्तकं हिंदीत, पोरं घरी बोलायची ती आमची खिचडी मराठी, आणि कॉम्प्युटरवरच्या तयार धड्यांच्या व्हिडिओत शिकवणारी बाई कुठल्या शहरातली कोण जाणे. म्हणून मी पोरांच्या हातात माझा मोबाइल द्यायचे. जा, तुमच्या गावातलं काय दाखवायचं ते टिपून आणा. केळीचा घड, कापसाचं बोंड, कुणाची म्हैस, कुणाच्या आईची फक्त पाठ. ते चित्र भिंतीवर मोठं झालं की पोरं ओरडायची, आणि त्या ओरडण्यातून शब्द निघायचे. तेच शब्द आम्ही कॉम्प्युटरवर टाइप करायचो. मल्चिंगवाल्याच्या मुलीला मात्र लिहिण्यापेक्षा पुसण्यातच मजा. अख्खी ओळ लिहून झाली की एकेक अक्षर मागे मागे खाऊन टाकायची आणि वळून माझ्याकडं बघून हसायची. तिच्यासाठी मला दरवेळी नवी ओळ लिहावी लागायची. चिडायचे मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू, ती माझी सगळ्यात लाडकी होती.

आणि मग मी हात दाखवून अवलक्षण केलं. ऑफिसचे साहेब पाहणीला आले. अंधारा वर्ग, कवडसे, भिंतीवर म्हैस, पहिलीची पोरं टाइप करताहेत, साहेब खूश. त्यांनी विचारलं, "मॅडम, एक्सेल भी आता है?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "येतं की सर, सगळं येतं!" आठवड्यात कागद आला: कार्यालयात अटॅच. म्हणजे पगार शाळेचा, नाव शाळेच्या पटावर, माणूस मात्र ऑफिसात. थोड्या दिवसांसाठीच, असं साहेब म्हणाले होते. आता तिसरं वर्ष चालू आहे.

दिवसभर मी पोर्टल भरते. कुठल्या शाळेत किती गणवेश, किती पुस्तकं, किती हजेरी. माझ्या शाळेची ओळ आली की बोटं आपोआप हळू होतात, पण त्या ओळीत नुसते आकडे असतात. कुणाचा दात पडला, कोण रुसून बसलंय, हे कुठल्या रकान्यात येणार?

साहेबांकडे मी अनेकदा गेले. ते दरवेळी खुर्ची देतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्ही गेल्या तर ये पोर्टल कौन चलाएगा?" एकदा ठरवून चुका केल्या, काम रखडवलं, म्हटलं कंटाळून सोडतील. दोन दिवसांत मलाच त्या चुका बघवेनात आणि मी बसून सगळ्या दुरुस्त केल्या. नवरा म्हणतो, "लोक बदलीसाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि तुला उलटं गावाकडं जायचंय!" त्याचंही बरोबर आहे. पण मी मास्तरीण आहे. पोरं समोर नसली की मला दिवस गेल्यासारखा वाटत नाही.

शाळेत आता एकच सर राहिलेत. एका माणसानं सगळे वर्ग सांभाळायचे, म्हणून ते एका वर्गात व्हिडिओ लावून देतात आणि दुसऱ्या वर्गात शिकवायला जातात. त्यांना नावं ठेवायची माझी टाप नाही. मी तिथून उठून आले म्हणूनच ही वेळ त्यांच्यावर आली.

मागच्या महिन्यात साहेबांनी एक टूम काढली. ज्या शाळांत शिक्षक कमी, तिथं ऑफिसातूनच ऑनलाइन धडा घ्यायचा, आणि तो मी घ्यायचा. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार, हे मला कळत होतं. पण पहिली शाळा माझीच निघाली, आणि मी हो म्हटलं. धड्याच्या दिवशी सकाळी जरीकाठाची साडी काढली. नवऱ्यानं विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" मी पदर सारखा केला आणि निघाले.

ठरल्या वेळेला जोडणी झाली. सरांनी तिकडून हात केला, "आवाज येतोय मॅडम," म्हणाले आणि शेजारच्या वर्गात गेले. पडद्यावर माझा वर्ग होता. पुढच्या रांगेतली पोरं मला अनोळखी होती, माझ्यानंतर आलेली. मागे माझी पहिलीची पोरं, आता तिसरीत गेलेली. मल्चिंगवाल्याची मुलगी दिसली. उंच झाली होती, दोन वेण्या घातल्या होत्या. धडाबिडा विसरून मी म्हटलं, "काय रे, ओळखलं का?"

"काय रे, ओळखलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मला वाटलं, मस्करी करताहेत. मी हसले. "जेवलात का सगळे?"

"जेवलात का सगळे?"

तेव्हा उमगलं. व्हिडिओतली बाई वाक्य म्हणते आणि थांबते, मग पोरांनी ते तसंच म्हणायचं. रोजचा परिपाठ आहे त्यांचा. पडद्यावरच्या बाईला आपण दिसतो, तिला आपलं ऐकू येतं, हे त्यांना कोण सांगणार? मी त्या मुलीचं नाव घेऊन हाक मारली. सगळ्यांनी तिचं नाव घेतलं. तिनंही घेतलं, माझ्याकडं बघत.

"अगं, मी आहे," मी म्हटलं.

"अगं, मी आहे," वर्ग म्हणाला.

तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. मी माइक बंद केला. पोरं हाताची घडी घालून पुढच्या वाक्याची वाट बघत होती.