मोडाची नाचणी

मोड आणून वाळवलेली नाचणी भाजायला घेतली की गोडसर, किंचित मातीचा वास सुटतो आणि मला डोळखांबच्या घरातलं माझं पहिलं बाळंतपण आठवतं. बाळ ठणठणीत होतं, बिनसलं होतं ते माझंच. छातीत धडधड व्हायची, घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हे मी पुन्हापुन्हा बघायची. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा चहा बंद केला, भिजवलेली नाचणी ओल्या फडक्यात बांधली आणि पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवून म्हणाल्या, "हिला मोड आले का तुला खीर करीन. ध्यान तू ठेव." मी ती पुरचुंडीही सारखी सोडून बघू लागले. "उघडू नको गो, ऊब जाते. आपुन बघितल्यानं मोड येत नाय, आपसूक येतात." आणि आले. नाचणी वाळली, भाजून जात्यावर दळली, आणि गूळ-दुधातली ती गरम खीर पिऊन त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाई पाळण्यावर वाकल्या होत्या आणि त्यांचं बोट लेकीच्या नाकाखाली होतं. मला बघताच त्यांनी ते मागे घेतलं. "माशी बसलेली," म्हणाल्या. आता तीच लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. तिला मी खीर देते, सारखं बघू नको म्हणून बजावते, आणि तिचा डोळा लागला की पाळण्यापाशी माश्या वारत बसते.