पालथी वाटी

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आम्ही एका घरात राहायला लागलो ते दोघं रिटायर झाल्यावर. भांडणबिंडण काही नव्हतं हो. ह्यांची कायम दुपारची पाळी, कांजूरमार्गच्या कंपनीत. माझी सकाळची, मुलुंडला औषधाच्या कारखान्यात. मुलापाशी कोणीतरी पाहिजे ना, म्हणून मुद्दाम तशा घेतल्या. मी नाहूरला घरी यायचे तेव्हा हे गेलेले, हे यायचे तेव्हा मी झोपलेली. रविवारी दोघंही झोपलेले.

निरोप ओट्यावर असायचे. वाटी पालथी म्हणजे दूध संपलंय, आणा. पेला पालथा म्हणजे मुलाला बरं नाही, शाळेत पाठवू नका. चिठ्ठी लिहायची नाही. चिठ्ठीत माणूस जास्तीचं लिहितं.

माझं काम बाटल्या तपासायचं. औषधाची बाटली दिव्यासमोर धरायची, आत कण, केस, काच काही दिसलं की बाजूला काढायची. एकतीस वर्षं हेच केलं. मग घरी बसले, तर समोर हेच.

चहा बशीत ओतून आवाज करत पितात. ओला टॉवेल खुर्चीवर टाकतात. पेपरातल्या प्रत्येक बातमीला हुं म्हणतात, निधनवार्तेलासुद्धा. मी एकेक दाखवत गेले. रागाने नाही, सवयीने. ह्यांनी महिनाभर ऐकून घेतलं. मग एका दुपारी एकदम मालवणीत आले.

"मी गावाक जातंय."

"किती दिवस?"

"बघूया."

ह्यांचं बघूया मला माहीत आहे. गॅलरीला ग्रिल लावायचं बघूया म्हणाले तेव्हा मुलगा शाळेत होता. आता तो त्याच्या मुलीला शाळेत सोडतो, ग्रिल अजून नाही. म्हणजे हा माणूस गेला की तिकडेच राहणार, हे मला कळलं. मुलाला फोन केला तर म्हणाला, आई, तू सॉरी बोलून टाक ना. कशाबद्दल सॉरी? टॉवेल ओलाच होता.

जायच्या दिवशी गाडी ठाण्याहून, आठच्या सुमाराला. मी पाचला उठले. बॅग दारात भरून ठेवलेली. मला थांबा म्हणायचं होतं. पण थांबा याला आमच्यात खूण नव्हती, कधी लागलीच नव्हती. तोंडाने म्हणायला गेले असते तर परत टॉवेलवर आले असते. फ्रीजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या. तरी मी ओट्यावर वाटी पालथी घातली आणि आत जाऊन पडले.

हे उठले. आंघोळ, दाढी केली, बॅगेची चेन लावली. मग ओट्यापाशी थांबले असावेत. चपलांचा आवाज आला, दार लागलं. मी उठून पाहिलं तर बॅग तिथेच. दहा मिनिटांनी हे दूध घेऊन आले आणि फ्रीज उघडला. बराच वेळ उघडाच ठेवला. एरवी मी त्यावरही बोलले असते.

"दूध तर आसा," हे म्हणाले.

"आहे."

"मगे?"

"दही लावते."

ह्यांनी घड्याळ बघितलं. रिक्षा केली असती तर गाडी आरामात मिळाली असती, ते दोघांनाही ठाऊक होतं. मग हे खाली बसले, बॅग उघडली, दाढीचं सामान काढलं आणि परत मोरीच्या फळीवर नेऊन ठेवलं. ब्रश ओला होता. फळीवर पाणी झालं, ते मला दिसलं. मी दूध तापत ठेवलं.