विमानातली दुसरी खुर्ची

इस्त्रीखाली पॉलिस्टर तापल्याचा वास आला की मला सुरतेजवळच्या बमरोलीतलं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. तिथं मी स्वतःच एक छोटं विमान बांधत होतो; त्याच्या सांगाड्यावर मिलचं कोरं पॉलिस्टर कापड चिकटवून ते इस्त्रीने ताणून बसवायचो. चौथी शिकलेला कारागीर विमान करतो म्हणून सगळे हसायचे. मी हटलो नाही. एके दिवशी बायको विमानाला हळदीकुंकू लावायला आली आणि आत डोकावली. एकच खुर्ची बघून म्हणाली, ‘‘अन् माले जागा कोठे शे?’’ मी म्हटलं, ‘‘तू खालूनच बघ.’’ ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन परत गेली. पुढे मी सांगाडा कापून दुसरी खुर्ची बसवली, पण तोवर ती वारली होती. जाणकार सांगतात, काका, ती दुसरी खुर्ची काढा, वजन कमी होईल. मी काढत नाही.