आत किती, बाहेर किती

नोल्फा कार्कामोला गप्प बसवायचं असेल तर तिच्या हातात बिघडलेलं इंजिन द्यावं, असं तळावर सगळे म्हणत. इंजिन उघडलं की ही बाई दोन तास चकार शब्द काढायची नाही, आणि झाकण लावलं की त्या दोन तासांचं सगळं एका दमात ऐकवायची. चिलीतल्या चिलोए बेटावर बापाबरोबर मच्छीमारांच्या होड्यांची यंत्रं दुरुस्त करत वाढली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आपल्या या तळावर जनित्रं सांभाळायला आली. येण्याआधी नियमाप्रमाणे धडधाकट अपेंडिक्सही काढून घेतलं. "सरकारला माझा तेवढाच भाग नको होता," ती हसून सांगायची.

इथे तिने पाच हिवाळे काढले, पण शेवटच्या झेंड्यापलीकडे एकदाही पाऊल टाकलं नाही. तळाभोवती बांबूंवर झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या आतच तिचं सगळं जग. दर जानेवारीत ट्रॅक्टरांचा ताफा पठारावर तीनशे किलोमीटर आत, तिथल्या लाकडी खोपटाकडे निघायचा. नोल्फा तेलकट हात हलवून निरोप द्यायची आणि मग दिवसभर जनित्राला शिव्या घालायची. जनित्र सोडून ती जाणार कशी? पण यंदा जहाजातून जनित्रासाठी दुसरा माणूस आला होता. आणि मंगळवारी दुपारी, ती टेकडीपल्याडच्या इंधनाच्या टाक्यांपाशी असताना, वायरलेसवर कप्तानाचा आवाज आला.

"नोल्फा, ताफ्याच्या मेकॅनिकनं मनगट मोडून घेतलंय. उद्या सकाळी तू जातेयस."

"काय?"

"उद्या. खोपटाकडे. ऐकू येतंय ना?"

ऐकू येतंय ना, म्हणे! बाईनं तिथंच बर्फात उडी मारली. पळत, धडपडत ती तळावर आली ती पुढच्या दाराने नाही, जवळ पडतं म्हणून मागच्या. अंगातलं जाकीट काढून फेकलं, वायरलेस त्याच्याच खिशात राहिला, आणि थेट जनित्राच्या खोलीत शिरून अवजारं भरायला लागली. तिथे इतका घरघराट असतो की शेजारी तोफ उडाली तरी कळायचं नाही.

पुढच्या दाराशी मात्र, जेवणघरातून दिसेल असा, फळा असतो. फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचा लाकडी बिल्ला, एक बाजू हिरवी, एक लाल. बाहेर जाताना लाल करायचा, आत आलं की हिरवा. लाल राहिला तर माणूस हरवला असं धरून शोधायला निघायचं, मग वारा असो की काही असो. आणि उगाच शोधायला लावणाऱ्याची शिक्षा ठरवायची कोणी? जे शोधायला गेले त्यांनीच, कारण नाकं त्यांची गोठलेली असतात. हा नियम कोणीच मोडत नाही. नोल्फा तर मुळीच नाही. बिल्ला उलटायला उशीर झाला तर ती कप्तानाचीसुद्धा हजेरी घ्यायची.

तासाभराने ती मोजेच घालून जेवणघरात आली. "आज 'माते' चहाचं आधण कोणी ठेवलं नाही का? आणि सगळे गेले कुठे?"

कप्तान तिच्याकडे बघतच राहिला. "तू आत आहेस?"

नोल्फाने फळ्याकडे पाहिलं. तिचा बिल्ला लाल होता.

शोधायला तिघं गेले होते, कमरेला दोर बांधून, टाक्यांपर्यंत, भर वाऱ्यात. कप्तानाने त्यांना परत बोलावलं. सगळ्यात शेवटी आत आला बेलार्मिनो, तळाचा सुतार, ज्याला सगळे मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणतात. वय त्रेसष्ट, गुडघे कामातून गेलेले, मिशीत बर्फ. त्याला पाहून नोल्फाने मान खाली घातली.

कारण गेल्या वर्षी बिल्ला विसरला होता तो मायेस्त्रो. आणि शोधायला गेली होती नोल्फा. "हा हंगामभर झेंड्यांच्या आत," तिने तिथल्या तिथे सुनावलं होतं. दोन दिवसांनी म्हातारा खोपटाकडे जाणार होता. ते खोपट त्यानेच बनवलेलं. एकेक फळी, दार, खिडकी इथेच कापून, आकडे घालून त्याने घसरगाड्यांवर चढवली होती. तिथे नेऊन उभं केलं दुसऱ्यांनी. उभं राहिलेलं त्याने पाहिलंच नव्हतं. गेल्या वर्षी संधी हुकली, यंदा गुडघ्यांमुळे डॉक्टरने नाही म्हटलं, आणि फेब्रुवारीच्या जहाजाने तो कायमचा घरी जायचा होता.

"मायेस्त्रो, तुम्हीच ठरवा," बाकीचे दोघे म्हणाले.

मायेस्त्रो 'माते'चा पेला घेऊन नळीने सावकाश चोखत बसला. नोल्फाला राहवेना.

"मी भरलेली बॅग रिकामी करते. तुम्हाला दिली होती तीच मला द्या. झेंड्यांच्या आत."

"गप गं पोरी! गेल्या वर्षी शिक्षा तूच ठरवलीस, यंदाही तूच ठरवणार?"

सगळे हसले. नोल्फाच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

"गेल्या वर्षी तू बरोबर होतीस," म्हातारा म्हणाला. "मी महिनाभर तुला मनातून शिव्या दिल्या, पण होतीस बरोबर." तो कण्हत उठला, फळ्यापाशी गेला आणि स्वतःचा बिल्ला खिळ्यावरून काढला. "शिक्षा म्हणजे ओझं वाहायचं. हा घेऊन जायचा. दारातून आत गेलं की उजव्या हाताला, तिसऱ्या फळीत मी इथे कापतानाच खिळा ठोकून ठेवलाय. माझी टोपी टांगायला म्हणून. तिथे टांग."

"अहो, बिल्ला तळाबाहेर नेता येत नाही," कप्तान म्हणाला.

"मग लिहून ठेवा, मायेस्त्रो बाहेर गेलाय."

सकाळी ताफा निघाला. ड्रायव्हर गाल्वारिनोच्या शेजारी नोल्फा बसली होती. शेवटचा झेंडा मागे पडला तशी ती अशी काही ओरडली की त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"काय झालं? काय मोडलं?"

"काही नाही रे बाबा, चालव! गेलो आपण बाहेर!"

सहा दिवस नुसतं पांढरं पठार आणि डोक्याभोवती फिरणारा, न मावळणारा सूर्य. वाऱ्याने कोरलेल्या कंगोऱ्यांवर ट्रॅक्टर असा आदळायचा की दात वाजत. उणे तीसमध्ये ग्रीस दगडासारखं व्हायचं, नोल्फा गाडीखाली आडवी पडून ते शेगडीवर तापवून भरायची आणि गाणी म्हणायची. "हिला सहलीला आणलंय की कामाला?" मागच्या गाडीतले दोघे विचारायचे. इतकी मजा तिला जन्मात आली नव्हती. दर अर्ध्या तासाने ती छातीवरचा खिसा चाचपून बघायची.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दूर एक नारिंगी ठिपका दिसला. गाडी पुरती थांबायच्या आत नोल्फाने उडी टाकली, दारापुढचं बर्फ फावड्याने उपसलं आणि दार ढकललं. उजव्या हाताला तिसऱ्या फळीत खिळा होता. तिने बिल्ला हिरवी बाजू वर करून टांगला.

मग बाकीचे तिघेही आत आले, आणि ठरल्या वेळी वायरलेस खरखरला. कप्तान रोज विचारायचा तेच विचारत होता.

"आत किती, बाहेर किती?"

"आत पाच," नोल्फा म्हणाली. "बाहेर कोणी नाही."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग म्हाताऱ्याचा, घाईघाईचा.

"पोरी, दार खालून घासत तर नाही ना?"

"नाही हो मायेस्त्रो. एका बोटानं उघडलं."