डाग दिला तेव्हा

आमच्याकडे निंदणीची एक रीत होती. घरच्या सुनेने पहिली पात, म्हणजे पिकाची एक ओळ, धरायची आणि ती संपेपर्यंत उठायचं नाही. मालकीण उठली की मजूर बाया पाणी प्यायला उठणार, पदर सारखा करायला उठणार, आणि मग गप्पांना बसणार, असं सासूबाईंचं गणित. त्या वर्षी मी मुदतीच्या तापातून नुकतीच उठले होते, अंगावर मांस म्हणून नव्हतं. तरी भुईमुगाच्या वावरात उकिडवी बसले आणि खुरपं चालवत सरकत राहिले. सोनगीरकडचं ते वावर लांबलचक होतं. डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. मला वाटलं, बरं झालं.

दोन-चार दिवसांत त्या पायात चप्पल टिकेनाशी झाली. पंजा वर उचलायला जावं तर उचलेना, चालताना बोटं जमिनीला घासायची. गुडघ्याखालची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग दुसऱ्या कुणाचा असावा असा बधिर झाला. सासूबाई म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. वाऱ्याला आमच्याकडे एकच औषध, डाग. गावात एक आबा होते, ते बैलांना डाग देत आणि माणसांनाही देत. त्यांनी सळई तापवली आणि माझ्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला टेकवली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून, डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि विचारलं, झालं का?

बघायला ओट्यावर जमलेल्या बाया आधी माझ्या धीराचं कौतुक करू लागल्या. मग कातडी जळल्याचा वास सगळ्यांनाच आला आणि त्या एकेक करून मागे सरकल्या. आबांनी सळई बाजूला ठेवली, सासूबाईंकडे पाहिलं.

"हिले चटका लागना नही."

कोणत्या रोगात चटका लागत नाही हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. त्या रोगाचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. संध्याकाळी माझं ताट आणि तांब्या ओट्यावर आला. माझी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती, एखाददुसरा शब्द बोलू लागली होती. तिची झबली घडी करून मोठ्या जावेच्या खोलीत गेली आणि पाठोपाठ तीही गेली. जावेला दोन मुलगे होते, तिसरं लेकरू तिला जड नव्हतं. मी भांडले नाही. माझीच पाचावर धारण बसली होती. दार लोटून मी अंगावर चट्टे शोधत बसायची.

डॉक्टरकडे जायला नवरा तयार नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, पण म्हणायचा, डॉक्टरने नाव घेतलं की ते गावभर होईल, तोवर निदान नुसता संशय आहे. म्हणून आम्ही संशय जपला. पोळा गेला, दसरा गेला. मुलगी अंगणापलीकडे जावेच्या कडेवर दिसायची. तिने माझ्याकडे हात केले तर जाऊ पाठमोरी व्हायची, आणि तेही ती रडतच करायची, हे मी सांगितलं पाहिजे.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. त्याने माझं ओट्यावरचं ताट पाहिलं, कुणाला काही विचारलं नाही, मला एस.टी.त बसवून धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझं पाऊल सरळ आपल्या मांडीवर घेतलं. कापूस फिरवला, टाचणी टोचली. कोपराच्या आतल्या बाजूची आणि कानाखालची नस बोटांनी चाचपली, पाठ, हात, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग विचारलं, काम काय करता? मी पात सांगितली.

मज्जातंतू हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, विळ्याने कापला जातो तो एक, तो शिवला तरी पुरता जुळेलच असं नाही. मधुमेहाने, दारूने किंवा पोटात सकस न गेल्याने आतून खराब होतो तो दुसरा. महारोगात तो दोरीसारखा जाड होतो, त्यांनी नाव स्पष्ट घेतलं, आणि तुमचा तसा नाही, असंही स्पष्ट सांगितलं. माझा नुसता दाबला गेला होता. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून तो अगदी कातडीखालून जातो. तापाने तिथलं मांस झडलं आणि दिवसदिवस उकिडवं बसून मी तो चेंगरला. म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. अंगठा जरासा हलत होता, तेवढ्यावर ते म्हणाले, येईल, पण सावकाश. उकिडवं बसू नका.

घरी भावाने सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंना हाड आणि तंतू यांत रस नव्हता. त्यांनी मलाच विचारलं,

"डाक्टरनी तुना पायले हात लावा का?"

मी म्हटलं, मांडीवर घेतला. त्या उठल्या, माझं ताट आत नेलं, जावेच्या कडेवरून मुलीला काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मुलगी माझ्याकडे नीट पाहत राहिली. मधल्या काळात ती बोलायला शिकली होती, आणि शिकली होती ती जावेच्या मुलांकडून. ती मुलं मला काकी म्हणत. तीही म्हणाली, काकी. मग वळून जावेकडे हात पसरून रडू लागली, माय, माय.

पाय होळीपर्यंत पुरता उचलता येऊ लागला. तिने मला आई म्हणावं म्हणून मी गूळ दिला, लाड केले, एकदा चापटही मारली. मला फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. तिच्या लग्नात, निघायच्या वेळी, ती जावेच्या गळ्यात पडून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे आली आणि मला वाकून नमस्कार केला.