फिलोमिनाला न दिलेल्या दोन ओळी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच—त्याच्यापासूनच तर लपवलंय. मग आज तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. पण सांगते.

आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमागचं केमिकलचं गोडाऊन पेटलं, तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. बघता बघता जिना धुराने भरला. घरात मी आणि सासूबाई. लकव्यात त्यांची वाचा गेलेली, धरल्याशिवाय चालता येत नव्हतं. आणि मी—मी पर्स उचलली. पर्स, हो! चार मजले धावत उतरले आणि गेटबाहेर जाऊन उभी राहिले.

त्यांना खाली आणलं फिलोमिनाने. उत्तनहून आमच्याकडे मासे विकायला यायची ती. टोपली खालीच टाकून दारं ठोठावत वर गेली होती. सासूबाईंना पाठीवर घेऊन उतरली, माझ्याशेजारी बसवलं आणि पुन्हा वर गेली. वर तोवर कुणीच उरलं नव्हतं. थोड्या वेळाने नवरा ऑफिसातून धावत आला. "तू आणलंस आईला?" मी मान हलवली. हो म्हणून.

पुढे सरकारने तो धूर छातीत गेलेल्यांसाठी मोफत तपासणी आणि उपचारांची योजना काढली. आम्हा रहिवाशांना लाइट बिलावर कार्ड मिळालं. मदतीला धावलेल्यांना मात्र, ज्याला वाचवलं त्याच्या घरचं पत्र हवं होतं.

फिलोमिना आली, खोकत. "दोन वळी लिवून दे गो बाय. तुजी सासू माज्या पाठीवर व्हती ना?"

नवरा आत चहा पीत होता. माझं कौतुक त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. काय करायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "मावशी, तुमचा घोळ होतोय. आईंना मीच आणलं."

ती जायला वळली. मग म्हणाली, "न्हाय लिवायचा तर नको लिवू." मागे खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू सगळं येतं.

फिलोमिना दोन वर्षं खोकत होती. कार्ड नाही, म्हणून औषधं अर्धवट सोडायची, असं नवी मासेवाली सांगते. गेली ती. माझी तपासणी होते दर सहा महिन्यांनी. छाती अगदी साफ आहे, म्हणतात डॉक्टर.

मी भरवायला बसले की सासूबाई तोंड मिटून घेतात. "आई, अगं हिनेच वाचवलं ना तुला," नवरा समजावतो.

मी ताट त्याच्या हातात देते.